घशाचे दुखणे आणि कानाचा ठणका



पावसाळा सरत आला की घरोघरी एक दृश्य हमखास दिसते. सात-आठ वर्षांचे मूल मध्यरात्री कान धरून रडत उठते. घरातील वडीलधारी मंडळी लसणीची पाकळी घालून तेल कोमट करतात, कानात दोन थेंब सोडतात आणि वर कापसाचा बोळा बसवतात. सकाळी दुधाचा घोट घेताना मूल तोंड वाकडे करते, तेव्हा कुठे लक्षात येते की त्याचा घसाही दुखतो आहे. तेल घालणाऱ्या हातांमागची माया खरीच असते. परंतु पुष्कळदा रोग घशात आणि उपचार कानात, असा प्रकार घडतो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

दुखते तेथेच रोग असतो काय?

घसा आणि कान यांचे नाते दुहेरी आहे. पहिले नाते नलिकेचे. नाकाच्या मागील पोकळीतून मधल्या कानापर्यंत एक अरुंद नलिका जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावावरून तिला ‘युस्टेशियन नलिका’ म्हणतात. प्रौढांमध्ये ती सुमारे 35 मिलिमीटर लांब आणि उतरती असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी-पडशात या नलिकेचे तोंड सुजून बंद होते, मधल्या कानातील हवेचा दाब बदलतो, तेथे पाणी साचते आणि जंतूंचा शिरकाव झाल्यास पू होतो. अशा वेळी दुखणे खरोखरच कानाचे असते.

दुसरे नाते मज्जातंतूंचे. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी नववी जोडी टॉन्सिल, घसा आणि जिभेचा मागचा भाग यांच्या संवेदना वाहून नेते. तिचीच एक शाखा मधल्या कानाला जाते. दहाव्या जोडीच्या शाखा स्वरयंत्राकडे जातात, तशाच बाहेरच्या कानाकडेही. दोन्ही ठिकाणच्या संवेदना एकाच वाटेने मेंदूकडे जात असल्यामुळे वेदनेचे मूळ स्थान ओळखताना मेंदूची गफलत होते. म्हणूनच टॉन्सिल सुजली की पूर्णपणे निरोगी कानही ठणकू लागतो. किडलेल्या दाढेने कान दुखतो, त्याचे कारणही असेच; तेथे तंतू पाचवा असतो, एवढाच फरक. कान दाखवावयास आलेल्या रुग्णाला जाणकार वैद्य प्रथम ‘आ’ करावयास सांगतो, ते उगीच नव्हे.

बहुतेक वेळा औषध म्हणजे धीर

घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे उद्भवतात. नाक वाहणे, खोकला, बसलेला आवाज, लाल डोळे ही त्याची लक्षणे. सुमारे आठवडाभरात शरीर स्वतःच त्यावर मात करते. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. तरीही मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून धाकट्याला देण्याची चाल अनेक सुशिक्षित घरांतही आढळते. ती मोडली पाहिजे.

अशा दुखण्यात पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. पेज, सार, वरणाचे पाणी असे पातळ पदार्थ भरपूर द्यावेत. ताप आणि ठणका यांसाठी पॅरासिटामॉल पुरेसे ठरते; मुलांना ते वजनाच्या प्रमाणात, वैद्याने सांगितलेल्या मापानेच द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा एक दुर्मीळ पण घातक विकार उद्भवू शकतो. मधाने घशाला आराम पडतो, मात्र एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. तपासणीपूर्वी कानात तेल घालू नये, कारण पडद्याला छिद्र असल्यास ते थेट आत उतरते.

दहा दिवसांचे व्रत

परंतु प्रत्येक घसा आपोआप बरा होईल, असे मानणेही घातक आहे. ‘स्ट्रेप्टोकोकस’ नावाच्या जीवाणूमुळे होणारा घशाचा आजार प्रामुख्याने 5 ते 15 वर्षे वयाच्या मुलांमध्ये आढळतो. एकाएकी चढलेला ताप, टॉन्सिलवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखरे अवधाण आणि खोकल्याचा अभाव ही लक्षणे एकत्र दिसली, तर मुलाला वैद्याकडे न्यावे.

खरा धोका या आजारानंतर येतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक ज्वर येतो. जंतूंविरुद्ध लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे सुधारतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या आखडू शकतात. पुढे कधी तरी जिना चढताना दम लागतो, किंवा एखाद्या तरुण स्त्रीला गरोदरपणात धाप लागते, आणि तपासणीअंती बालपणीच्या त्या दुखण्याचा हिशेब समोर येतो. मे 2018 मध्ये जागतिक आरोग्य सभेने या हृदयरोगाविषयी स्वतंत्र ठराव केला, तो या प्रश्नाचे गांभीर्य ओळखूनच.

यावरील उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केले, तर ऱ्हुमॅटिक ज्वर टाळता येतो. हे पेनिसिलीन देशातच तयार व्हावे म्हणून 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. गोळ्यांचा क्रम दहा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि आईला वाटते, आता कशाला औषध! याच क्षणी चूक होते. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. पेनिसिलीनचे वावडे असल्यास वैद्याला आधी सांगावे. पर्यायी औषधे उपलब्ध आहेत.

प्रौढांसाठी इशारा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा घसा आणि त्याच बाजूचा कान तीन आठवड्यांहून अधिक काळ दुखत राहिला, तर ते साधे दुखणे मानू नये. घशाच्या किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. पण तंबाखूची पुडी खिशातून गेली नाही आणि मशेरीची डबी चुलीजवळून हलली नाही. 2016-17 च्या सर्वेक्षणानुसार भारतातील 15 वर्षांवरील 28.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. अशा माणसाचा कान दिसावयास स्वच्छ असेल आणि तरीही दुखत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्रापर्यंतची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

तोंड उघडता न येणे, लाळही गिळता न येणे, आवाज घोगरा व दबका होणे आणि एकाच बाजूस तीव्र ठणका लागणे ही टॉन्सिलशेजारी गळू झाल्याची चिन्हे आहेत. घशात राखाडी पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. या लक्षणांत, तसेच श्वास घेताना घरघर होत असल्यास, सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुलाने कान धरला तर त्याचा घसा पाहावा. औषध सुरू केले तर ते पुरे करावे. आणि घरातील कर्त्या माणसाने ‘काही नाही, सर्दी आहे’ म्हणून महिना काढला, तर त्याचे ऐकू नये. एवढे तीन नियम घरोघरी पाळले गेले, तरी कित्येक हृदये आणि कित्येक संसार सुरक्षित राहतील.