पाठीमागचे इंजिन
(आजारी मित्राच्या सोबतीविषयी झालेल्या भाषणाची संहिता)



मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकावर थांबते. प्रवासी खिडकीतून वडापाव घेतात, चहा घेतात आणि काही मिनिटांनी गाडीला मागून हलकासा धक्का बसतो. गाडीच्या शेवटी जादा इंजिने जोडली गेल्याची ती खूण असते. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटातील हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचे हे अंतर सुमारे २८ किलोमीटरचे, आणि त्यातील तीव्र चढण दर ३७ फुटांना १ फूट अशी आहे. पुढचे इंजिन सक्षम असले तरी भरलेली गाडी एवढ्या चढावर एकट्याने ओढणे त्याला जड जाते. म्हणून अनेक गाड्यांना मागून रेटा द्यावा लागतो. लोणावळा आले की ही इंजिने सोडवली जातात आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. डब्यातील शेकडो प्रवाशांपैकी क्वचितच कोणी मागे वळून त्यांच्याकडे पाहतो.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातील लोकांना हे दृश्य नित्याचे आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला गेलेला मावळातील रुग्ण सायंकाळी याच मार्गाने घरी परततो. अशा रुग्णाच्या मित्राचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यामागे जोडलेले असते.

मावळच्या एखाद्या बाजारपेठेत दुकान असलेला पन्नाशीचा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. गालाच्या आतल्या बाजूस झालेली जखम दोन महिने भरून येत नाही. तपासणीसाठी तुकडा काढला जातो, अहवाल येतो आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव घरात प्रथमच उच्चारले जाते. या रुग्णालयाचा उगमही एका आजारपणातच आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. जे उपचार त्यांना परदेशात मिळाले, ते येथील सामान्य माणसालाही मिळावेत ही दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी ते स्वतःही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी ती इच्छा पूर्णत्वास नेली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे रुग्णालयाचे उद्घाटन झाले. वैयक्तिक दुःखाचे रूपांतर सार्वजनिक उपकारात कसे होते, याचा हा वस्तुपाठ होय.

अहवाल आल्याची वार्ता गावात पसरते तेव्हा पहिल्या आठवड्यात त्या गृहस्थाच्या घरी माणसांची रीघ लागते. फळांच्या करंड्या येतात, डोळ्यांत पाणी येते आणि उठताना प्रत्येक जण एकच वाक्य उच्चारतो, “काही लागले तर नि:संकोच सांगा.” हे वाक्य मनापासूनचे असते, परंतु व्यापारी दृष्टीने पाहिले तर ती रक्कम आणि मुदत न लिहिलेली हुंडी होय. ती वटवण्यास कोणीही संकोचतो. ज्याने आयुष्यभर दुकानाच्या गादीवर बसून दुसऱ्याला उधार दिले, त्याच्या तोंडून मागणे निघत नाही. त्याऐवजी “मंगळवारी आणि गुरुवारी सकाळच्या गाडीला सोबत मी येणार, तिकिटे काढली आहेत” असे जो म्हणतो, त्याने हुंडीवर रक्कमही घातली आणि तारीखही.

उपचाराचे वेळापत्रक समजून घेतल्यावाचून मदतीचे वेळापत्रक आखता येत नाही. तोंडाच्या कर्करोगात पुष्कळदा आधी शस्त्रक्रिया होते आणि जखम भरल्यावर किरणोपचार सुरू होतात. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. म्हणजे तीसहून अधिक फेऱ्या झाल्या. प्रत्यक्ष उपचाराला काही मिनिटेच लागतात; परंतु मावळातून परळला जाऊन येण्यात दिवस संपतो. पावसाळ्यात लोणावळ्याचा पाऊस आणि घाटातील खोळंबा यांची त्यात भर पडते. पहिले दोन आठवडे रुग्ण चालता-बोलता असतो. पुढे तोंडात व्रण येतात, लाळ आटते, चव जाते आणि पाण्याचा घोटही घशाखाली उतरत नाही. हा त्रास उपचारांच्या अखेरीस शिगेला पोहोचतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतो.

नेमके याच वेळी घर रिकामे झालेले असते. माणसांची गर्दी पहिल्या आठवड्यात होते, खरी चढण मात्र सहाव्या-सातव्या आठवड्यात लागते. कर्जतला जोडलेले इंजिन अर्ध्या घाटात सोडून चालत नाही. म्हणून चार-पाच मित्रांनी एक साधी वही घालावी. कोणत्या दिवशी सोबत कोण जाणार, डबा कोणाकडून, मुलांच्या शाळेकडे लक्ष कोणाचे, म्हाताऱ्या आईची औषधे कोण आणणार, हे तारीखवार लिहावे. ही वही रुग्णाला दाखवण्याची आवश्यकता नाही. तिची पाने उपचार संपल्यानंतर दोन महिने पुढेपर्यंत भरलेली असावीत, एवढी खबरदारी पुरे.

दुकानदार रुग्णाच्या उशाशी रात्री जी चिंता बसलेली असते ती केवळ मृत्यूची नसते. दिवाळीचा माल भरला आहे, पेढीची देणी डोक्यावर आहेत, गावोगावची उधारी अडकली आहे आणि दुकान दोन महिने बंद दिसले तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल, ही भीती त्याला अन्न गोड लागू देत नाही. येथे डॉक्टरचा इलाज चालत नाही, मित्राचा चालतो. रोज दोन तास का होईना, दुकानाची फळी उघडी ठेवणे, रोकड मिळवून चिठ्ठी घरी देणे, वसुलीच्या याद्या हाती घेणे आणि व्यापाऱ्यांकडून मुदत वाढवून घेणे, हे सर्व फळांच्या करंडीपेक्षा मोलाचे आहे. मात्र महत्त्वाचे निर्णय रुग्णालाच विचारून घ्यावेत. दुकान चालवून देणे आणि दुकान ताब्यात घेणे यांतील अंतर मित्राने कधीही विसरू नये. पुढचे इंजिन कोणते आणि मागचे कोणते, हे घाटात अदलाबदल होत नसते.

रुग्णाला कामापासून सर्वस्वी तोडणे हीही एक चूकच ठरते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळाने सुरू केले. पुढे डॉ. अनिता अवचट यांना कर्करोग झाला आणि १९९७ साली त्यांचे निधन झाले. परंतु आजारपणातही त्यांनी मुक्तांगणच्या रुग्णांशी असलेले नाते तुटू दिले नाही. ज्याला जमेल त्याने तासभर हिशेब पाहावा, दोन गिऱ्हाइकांशी बोलावे. त्यामुळे तो केवळ रुग्ण उरत नाही.

पैशाच्या बाबतीत संकोच दोन्हीकडून असतो. द्यायचे असेल तर स्पष्टपणे, एकांतात आणि परतीची अट न घालता द्यावे. सभेत जाहीर करून देऊ नये. त्याहून उपयोगाचे म्हणजे हक्काच्या सवलती मिळवून देणे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्य शासनाची जन आरोग्य योजना कर्करोगावरील अनेक उपचारांना लागू आहे. रेल्वे प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या एका सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातील डॉक्टरांचा दाखला लागतो. रुग्णालयांतील समाजसेवा विभाग याविषयी मार्गदर्शन करतात. शिधापत्रिका, आधार, अहवाल, पावत्या यांची फाइल तारखेच्या क्रमाने लावून ठेवणारा आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून घेणारा मित्र घरच्या माणसांचा अर्धा भार हलका करतो.

सेवेत काही पथ्येही आहेत. कर्करोग संसर्गाने होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी काढणे म्हणजे त्याला जिवंतपणी वेगळे काढणे होय. उलट संसर्गाचा धोका रुग्णाला इतरांपासून असतो. केमोथेरपीच्या मात्रेनंतर साधारणतः सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात सर्दी-खोकला असलेल्याने भेटीचा मोह आवरावा. रुग्णाला १००.४ अंश फॅरेनहाइट वा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे आणि रुग्णालय गाठावे. अशा रात्री मोटार काढून दारात उभा राहणारा मित्र लागतो, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर आधीच लिहिलेला असावा लागतो.

बोलण्याचे पथ्य त्याहून कठीण आहे. अमुक गावच्या औषधाने तमुक बरा झाला, असे सांगून चालू उपचारावरील श्रद्धा डळमळीत करणारे हितचिंतक प्रत्येक घरी येतात; त्यांना दारातच अडवणे हेही मित्राचे काम आहे. तंबाखूवर व्याख्यान देण्याचीही ती वेळ नव्हे. व्रण कशाने झाला हे रुग्णाला सर्वांहून अधिक ठाऊक असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही ज्यांच्या खिशात पुडी आहे, त्या मित्रांनी ती त्याच दिवशी कायमची टाकावी. रुग्णाला तेवढा उपदेश पुष्कळ होईल.

समाजात आणखी एक वाक्य सहज बोलले जाते, “पूर्वकर्माचा उदय आहे, भोगावेच लागेल.” कर्माचा सिद्धांत स्वतःच्या आचरणावर कसोटी लावण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या खाटेशी बसून त्याला आरोपी ठरवण्यासाठी नाही. सूर्यास्तानंतर औषध वा पातळ आहार घ्यावा लागला, चातुर्मासात नित्याचा उपवास झाला नाही, तर आधीच खचलेल्या रुग्णाला त्याची टोचणी लागते. तो निर्णय त्याने डॉक्टरांना आणि स्वतःच्या गुरुजनांना विचारून घ्यावा. शेजाऱ्यांनी त्यात न्यायनिवाडा करू नये.

शास्त्राने तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन प्रकार सांगितले आहेत. उपवास बाह्य तपात येतो. वैयावृत्य, म्हणजे सेवा-शुश्रूषा, हिची गणना मात्र आभ्यंतर तपात, विनय, स्वाध्याय आणि ध्यान यांच्या पंक्तीत केली आहे. मूलतः तिचा संबंध साधुजनांच्या सेवेशी आहे. परंतु गृहस्थानेही त्यातून बोध घ्यावा. उपवासाची मिरवणूक निघू शकते. रात्री दोन वाजता मित्राची उलटी पुसणाऱ्याची निघत नाही, आणि निघू नये.

ज्याने हा घाट स्वतः चढला आहे, त्याच्या शब्दाला वेगळे वजन असते. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली मुंबईत ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली. तेथे बरे झालेले रुग्ण नव्या रुग्णांना धीर देतात. मावळातही असे लोक गावोगाव आहेत. ते लाजेने बोलत नाहीत. दोन रुग्णांची एकमेकांशी गाठ घालून देणे आणि मग त्यांना एकटे सोडून उठून जाणे, हे छोटे काम कोणासही करता येईल.

तथापि प्रत्येक गाडी घाटमाथ्यावर पोहोचत नाही, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रोग हटत नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हा पुष्कळ मित्रांची पावले अडखळतात. आता काय बोलावे, ही भीती त्यांना दारापासून परत नेते आणि रुग्ण समजतो की आपण आधीच गेलो. त्या वेळी बोलण्यासारखे काही नसते, हे खरे. बसण्यासारखे मात्र असते. वेदना सोसत राहणे हे प्राक्तन नाही. वेदनाशमन ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, आणि पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. मावळातून ते दूर नाही. तेथे नेणे म्हणजे हार मानणे, असा गैरसमज घरच्यांच्या मनातून काढणारा मित्र शेवटची आणि बहुधा सर्वांत मोठी सेवा करतो.

जे बरे होतात त्यांच्याबाबतीत मित्राला आणखी एक गोष्ट साधावी लागते, ती म्हणजे वेळेवर बाजूला होणे. गृहस्थ पुन्हा गादीवर बसू लागला की किल्ल्या त्याच्या हाती द्याव्यात, हिशेबाची चोपडी समोर ठेवावी आणि केलेल्या मदतीचा उल्लेख पुन्हा कधीही करू नये. लोणावळा स्थानकावर सुटी झालेली इंजिने घाट उतरून परत कर्जतला जातात, कारण तेथे दुसरी गाडी येऊन थांबलेली असते. मावळच्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक आळीत असा एखादा रुग्ण आज परतीच्या गाडीत बसलेला आहे. त्याच्या सोबतीला उद्या सकाळी कोण जाणार, हे या सभागृहातून उठण्यापूर्वी दोन मित्रांनी जरी आपसांत ठरवले, तरी या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.