नृत्य : देह आणि मन

नाच म्हणजे रिकामपणाचा उद्योग, हा समज सुशिक्षित समाजांत पुष्कळ काळ रुजलेला आहे. शिरूर व दौंड या तालुक्यांकडे पाहिलें असतां मात्र तो टिकत नाहीं.

तुकाराम महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर दौंड तालुक्यांत यवत व वरवंड येथें मुक्काम करिते. दिवसभर चाललेल्या वारकरी स्त्रिया त्याच वाटेवर पदर खोचून फुगडी घालतात. पाय थकले असतां हा उत्साह येतो कोठून? श्रमानें शरीरांत वेदना शमविणारीं द्रव्यें उत्पन्न होतात, असें शरीरशास्त्र सांगतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ब्राझीलमधील तरुणांना निरनिराळ्या रीतीनें नाचविण्यांत आलें. जे एका तालावर एकसारखे नाचले, त्यांची वेदना सोसण्याची शक्ति वाढली व सोबत्यांविषयींची आपुलकीही वाढली. मृदंगाच्या ठेक्यावर शेंकडों पावलें एकदम पडतात, तेव्हां असेंच कांहीं घडत असावें.

लेझमीचा खेळ घ्या. त्यांत हात, पाय, कंबर व श्वास यांस काम मिळतें. पण डाव आठवावा लागतो, शेजाऱ्याकडे लक्ष ठेवावें लागतें आणि तोलही सांभाळावा लागतो. म्हणजे बुद्धीसही व्यायाम घडतो. २००३ सालीं न्यूयॉर्क येथील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शारीरिक व्यायामांपैकीं केवळ नृत्य करणारांत बुद्धिभ्रंशाचें प्रमाण कमी आढळलें. ज्याची बुद्धि शाबूत तोच नाचावयास जातो, असेंही असूं शकेल. तथापि हा दाखला विचार करण्याजोगा आहे.

आतां दुसरी बाजू. दौंड तालुक्यांतील चौफुला येथील कलाकेंद्रें लावणीसाठीं प्रसिद्ध आहेत. पायांत घुंगरांचें ओझें, कठीण भूमीवर टांचेचा आघात आणि रात्रीचें जागरण यांनीं गुडघे व घोटे झिजतात. प्रेक्षक आनंद घेऊन घरीं जातो. त्याचें मोल नर्तकी आपल्या सांध्यांनीं चुकविते. शिवाय लोक कलेला टाळी देतात आणि कलावतीस उंबऱ्याबाहेर ठेवितात. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें मस्तानीची कबर आहे. नृत्यगायनांतील तिच्या नैपुण्याची कीर्ति अजून सांगितली जाते; परंतु १७४० सालीं मृत्यु येण्यापूर्वीं तिच्या वाट्यास कैद व अवहेलनाच आली.

तेव्हां पाऊल तेंच, पण स्वेच्छेनें टाकलें तर तें औषध होतें. पोटासाठीं, विश्रांतीवांचून व मानावांचून टाकावें लागलें तर तें देह झिजवितें आणि मनही खचवितें.

म्हणून शाळेंतून लेझीम जाऊं देऊं नये. वय झालें म्हणून आजीनें फेरांतून बाहेर बसूं नये. गुडघे दुखत असल्यास किंवा हृदयाचा विकार असल्यास वैद्याच्या सल्ल्यानें मंद फेर धरावा. आणि जी दुसऱ्यांसाठीं नाचते, तिला विश्रांति, उपचार व मान मिळावा. कारण ज्या नृत्यानें इतरांचीं मनें हलकीं होतात, त्याचा भार एकटीच्या अंगावर टाकणें न्यायाचें नव्हे.