मास्टर सिलिंडरातील चिमुकली झडप

माळशेज घाट उतरून मुरबाडकडे जाणाऱ्या अथवा भीमाशंकराचे दर्शन घडवून घोडेगावकडे परतणाऱ्या ज्या जुन्या जीपगाड्या जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर अद्याप इमानाने चाकरी करीत आहेत, त्यांच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात तळाशी स्प्रिंगने दाबून बसविलेली जी चिमुकली झडप असते, तिच्याविषयीच मी आज बोलणार आहे. कारण रबरी कपांची विचारपूस सारेच करतात, हिची कोणी करीत नाही.

आपल्या विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह डोळ्यांसमोर आणा. पंप थांबला तरी तो पाइपातील पाणी खाली सुटू देत नाही; परंतु त्याच्या झाकणीखाली एखादी काडी अडकली, की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी बादलीने पाणी ओतून एअर काढीत बसावे लागते. ही झडपही तेच काम करते. पेडलवरून पाय उचलल्यावर ती नळ्यांत दर चौरस इंचाला 10 पौंडांच्या आसपास दाब राखते, त्यामुळे चाकांच्या सिलिंडरांतील कप घट्ट राहतात व हवेला शिरकाव मिळत नाही. तिची बैठक बिघडली, की दोन-तीनदा पेडल मारल्यावाचून ब्रेक धरत नाही. शेतात बादली आणण्यास सवड असते, घाटाच्या वळणावर ती मिळत नाही.

यास्तव रबर किट घालताना ही झडपही बदलावी, आणि सुटे भाग रॉकेलात वा डिझेलात धुण्याचा जो दस्तूर पडला आहे, तो कायमचा मोडावा. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि झडपेची कड बैठकीवर नीट टेकत नाही. धुवायचे ते ताज्या ब्रेक ऑइलनेच. पुन्हा सांगतो, रॉकेल नको, थेंबभरही नको! तसेच एअर काढताना बाटलीत जमलेले तेल परत टाकीत ओतू नये. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीचे ताजे तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेले मात्र 140च्या सुमारासही उकळू शकते, आणि लांब उतारावर त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते.

डिस्क ब्रेकला इतका राखीव दाब चालत नाही, चाके जखडतात. पण त्या विषयाला आज वेळ उरलेला नाही. नारायणगावच्या वा मंचरच्या मिस्त्रींकडे गाडी द्याल, तेव्हा ती झडप आपल्यासमोर उघडून दाखविण्यास सांगा, आणि शेजारी रॉकेलचा डबा दिसला, तर तो आधी उचलावयास लावा.