विहारामागची शेती आणि पाळीचा तक्ता
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारामागच्या पट्ट्यात आम्ही काही मंडळी दर रविवारी सकाळी राबतो, हे आपण खिडकीतून पाहताच. मेथी, पालक, मिरची, वांगी, दोन केळी आणि एक शेवगा, एवढाच तो पसारा. त्याची तारीफ करायला आम्ही उभे नाही. वस्तीतली म्हातारी माणसं आम्हाला एक गोष्ट विचारतात, तिचं उत्तर द्यायचं आहे. ती म्हणतात, "बाबासाहेबांनी शेणा-कचऱ्यातून बाहेर काढलं, अन् तुम्ही शिकल्या-सवरल्या पोरांच्या हातात पुन्हा पाटी देता?"

प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. ज्यांनी गावकीची कामं शिळ्या भाकरीवर केली, त्यांचा तो हक्क आहे. पण 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हाच शेतीकडे वळा, असंही सांगितलं. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, 1964 साली माणसं लाखांनी तुरुंगात गेली, तीही जमिनीपायीच. तेव्हा काम कुणी कुणावर लादलं आणि कुणी आपखुशीनं केलं, हे आम्ही आधी बघतो.

मुंबईत हे काही नवीन नाही. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून श्रीमती प्रीती पाटील यांनी भाजीच्या देठा-सालींचं खत करून बाग उभी केली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा 'प्रयोग परिवार' यांच्या विचारातून आलेली पद्धत आम्हीही धरली. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात सुका पाला भिजवायचा आणि मातीच्या थरांत कुजू द्यायचा. गोमूत्र म्हटलं की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. अहो, त्यात पावित्र्य काही नाही, नत्र आहे! तबेल्यातल्या म्हशीचंही चालतं.

खरी अडचण निराळीच निघाली. झाडांना पाणी घालायला पुरुष मंडळी पुढे, आणि ओला कचरा निवडायची वेळ आली की बायकाच पुढे. म्हणजे जे गावानं आपल्याला केलं, तेच आपण घरात करायचं? म्हणून भिंतीवर पाळीचा तक्ता लावला. बँकेतल्या साहेबांचं नाव त्यात आहे, कॉलेजातल्या पोरांचं आहे, आमचंही आहे. पाळी चुकवील त्याला भाजीचा वाटा नाही. यावरून दोघे रुसले, त्यातला एक परत आला.

घराघरातून देठं, साली, चहाचा चोथा वेगळा ठेवून द्यावा. प्लॅस्टिक मिसळू नये. पुढच्या रविवारी वंदना झाली की टोमॅटोची रोपं लावायची आहेत. खुरपी चारच आहेत, ज्यांच्याकडे असेल त्यांनी घरून आणावी. जयभीम!