वारसाच्या कागदाची हद्द

(समाजाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कोरडा आहे, पण प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा येणारा आहे. घरातला कर्ता माणूस गेला की त्याचा पैसाअडका आणि मिळकत सांभाळण्यासाठी वारस न्यायालयातून कागद आणतो. तो कागद कुठपर्यंत चालतो आणि अपुरा पडला तर अधिकार कसा वाढवून घ्यायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. शिक्का मारलेला कागद घेऊन आलेल्या वारसाला "यात हे खाते लिहिलेले नाही" असे सांगण्याची पाळी आमच्यावर येते. म्हणून हे चार शब्द.

आपल्या बालाघाटात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. ठेव बालाघाटच्या बँकेत, शेती किरनापूरकडे, प्लॉट गोंदियात आणि मुली भंडारा-नागपूरला दिलेल्या, अशी आपली घरे. १९५६ पूर्वी बालाघाट आणि गोंदिया एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्ये सीमा आली. सोयरीक तशीच राहिली, पण कागदाला हद्द पडली.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ मध्ये दोन वेगवेगळे कागद आहेत. पहिला म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, मृताच्या साऱ्या मिळकतीचा कारभार पाहण्याचे अधिकारपत्र. मृत्युपत्र नसेल तर हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम कुटुंबांवर ते घेण्याची सक्ती नाही, पण तंटा असला की गरज पडते. कलम २७३ प्रमाणे हे अधिकारपत्र ज्या राज्यात मिळाले त्या राज्यापुरते चालते. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेले पत्र दुसऱ्या राज्यात चालायचे तर मृताचे कायमचे राहणे त्यांच्या हद्दीत असावे लागते, आणि राज्याबाहेरची मिळकत १० हजार रुपयांहून जास्त नाही असा दाखला त्यांनी द्यावा लागतो. १० हजारांत आज गोंदियात प्लॉटचा कोपरा तरी मिळेल का? उच्च न्यायालयाने दिलेल्या पत्राला मात्र, त्यात वेगळे लिहिले नसेल तर, ही राज्याची अडचण नाही.

दुसरा कागद उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला आपण सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतो. हे फक्त येणे रकमा आणि रोख्यांसाठी असते: बँकेतील ठेवी, शेअर, कर्जरोखे, उसनवारी. घर आणि शेती यात येत नाही. शेतीसाठी इकडे तहसिलीत नामांतरण आणि तिकडे तलाठ्याकडे फेरफार, असे वेगळे करावे लागते. या प्रमाणपत्राला राज्याची सीमा नाही, ते भारतभर चालते. पण त्याची हद्द यादीची आहे. ज्या रकमा आणि रोखे त्यात लिहिले तेवढ्यांपुरताच अधिकार.

समजा, वारासिवनीच्या एका कुटुंबाने तीन ठेवींसाठी प्रमाणपत्र घेतले आणि वर्षभराने ट्रंकेत नागपूरच्या बँकेची चौथी पावती सापडली. आता पहिल्यापासून नवा दावा लावायचा का? नाही. कलम ३७६ नेमके यासाठीच आहे. प्रमाणपत्रधारकाने जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करून ती रक्कम त्याच प्रमाणपत्रात वाढवून घेता येते. वाढवलेली रक्कम पहिल्यापासून लिहिलेली होती असेच मग कायदा मानतो. कोर्ट फी लागते आणि न्यायालय नवा जामीनही मागू शकते. पण वर्षानुवर्षे हेलपाटे घालण्यापेक्षा हा रस्ता जवळचा.

आता जरा कटू बोलतो. अधिकार वाढला म्हणजे मालकी वाढली असे नाही. प्रमाणपत्र पाहून बँकेने पैसे दिले की बँक मोकळी होते. पैसे घेणारा मात्र इतर वारसांना त्यांचा हिस्सा देण्यास बांधील राहतो. नॉमिनीचेही तेच. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर कुटुंबात झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नामनिर्देशनामुळे शेअरची मालकी मिळत नाही, असा निर्णय न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. बहिणीचे नाव अर्जात न लिहिता कागद आणणाऱ्या भावांनी हे ऐकावे. अर्जात जवळच्या नातेवाइकांची नावे आणि पत्ते देणे कायद्याने आवश्यक आहे, आणि महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले प्रमाणपत्र कलम ३८३ खाली रद्द होऊ शकते. मुलीला माहेरच्या हिश्श्यासाठी सीमा ओलांडून खेटे घालावे लागत असतील, तर तो आपल्या समाजाला कमीपणा आहे.

मग करायचे काय? पहिले, न्यायालयाचा कागद लागतो का ते बँकेत आधी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला तरी, तंटा नसेल तर, १५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या रीतीने निकाली काढायचे आहेत. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. दुसरे, अर्जाआधी पूर्ण यादी करा. पासबुके, पावत्या, डिमॅट सगळे तपासा. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' संकेतस्थळ पाहा. तिसरे, काही राहिलेच तर सगळ्या भावंडांना कळवून कलम ३७६ चा अर्ज करा.

आणि एक मागणी आपण सर्वांनी मिळून करावी. कलम २७३ मधली १० हजारांची मर्यादा आजच्या काळाला धरून वाढवावी. हा कायदा केंद्राचा आहे, तेव्हा आपल्या खासदारांनी तो प्रश्न संसदेत मांडला पाहिजे. सीमेवरच्या जिल्ह्यांचे हे दुखणे राजधानीत बसून दिसत नाही, ते आपणच सांगावे लागेल. मते मागायला येतील तेव्हा रस्ता आणि वीज यांच्याबरोबर हेही विचारा. आपल्या संस्थेने याचे निवेदन तयार करावे, सह्या गोळा करण्याचे काम आम्ही बँक कर्मचारी आनंदाने करू.