दारीं झुलणारा हत्ती

एखाद्या घराण्याची भरभराट सांगावयाची असली म्हणजे 'त्यांच्या दारीं हत्ती झुलत होते' असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा शब्दप्रयोग आपण इतक्यांदा केला आहे कीं, हत्ती झुलतो म्हणजे नेमकें काय करतो आणि कां करतो याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. रानांतला हत्ती असा झुलत नाहीं. तो चालतो, फांद्या ओरबाडतो, पाण्यांत डुंबतो, अंगावर धूळ उडवितो, आपल्या गोतावळ्यांतील दुसऱ्याच्या अंगावर सोंड ठेवून उभा राहतो. एका जागीं पाय रोवून मस्तक आणि सोंड तासन्‌तास इकडून तिकडे हेलकावीत राहणें ही साखळदंडानें बांधलेल्या, विशेषतः एकट्या ठेवलेल्या, हत्तीची संवय आहे. पशुवैद्य तिला विकृति मानतात. करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे जनावर एकच हालचाल पुनःपुन्हां करूं लागतें. ज्या गोष्टीला आपण वैभवाची खूण समजत आलों, ती त्या मुक्या प्राण्याच्या दुखण्याची खूण होती.

माझा आजचा विषय प्राणिसंग्रहालयांतील हत्तींची पैदास आणि त्यांच्या कळपांची व्यवस्था हा आहे. पुणेकरांना तो परका वाटूं नये. सवाई माधवरावांच्या काळीं येथें पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यांतील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानें १७९० सालीं काढलेलें आहे. पुढें १९५३ सालीं पेशवे उद्यान निघालें, आणि तेथील हत्तिणीच्या पाठीवरून एक फेरी व फुलराणींतून दुसरी फेरी झाल्याखेरीज पुण्यांतील दोन पिढ्यांचें बाळपण पुरें झालें नाहीं. १९९९ सालीं कात्रजचें प्राणिसंग्रहालय उघडलें आणि उद्यानांतील जनावरें हळूहळू तिकडे गेलीं. शाळेचीं मुलें घेऊन मी दोन्ही ठिकाणीं पुष्कळदां गेलों आहें. हत्तीसमोर उभें राहिल्यावर एखादें तरी पोर विचारीच, "सर, हिला पिल्लू कां नाहीं?" मोठ्या माणसांना याचें उत्तर सोपें वाटतें. एक नर आणावा, जोडी जमवावी, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत पिल्लू दिसेल! तें तसें होत नाहीं, आणि कां होत नाहीं हें समजून घेण्याजोगें आहे.

हत्ती माणसाळवून आपल्याला हजारों वर्षें झालीं, परंतु गाय, घोडा, शेळी यांची जशी आपण घरीं पैदास केली तशी हत्तीची कधीं केली नाहीं. याचें कारण अगदीं व्यवहाराचें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत वीस वर्षांचा हत्ती धरावा असें सांगितलें असून, लहान पिल्लें, रोगी हत्ती, गाभण व दूध पाजणाऱ्या हत्तिणी यांना धरूं नये असा निर्बंध घातला आहे. हिशेब उघड आहे. घरीं जन्मलेलें पिल्लू कामाला येईपर्यंत पंधरा-वीस वर्षें त्याला फुकट पोसावयाचें, आणि वर त्याची आई गाभणपणीं व पुढें दूध पाजीपर्यंत अडकून पडावयाची. त्यापेक्षां रानानें पोसून वाढविलेला तयार हत्ती खेड्डा करून धरून आणला कीं काम झालें. त्यामुळें पाळीव हत्तिणीला पिल्लू होणें अशुभ, अशीच समजूत रूढ झाली. अबुल फजलानें ऐन-ई-अकबरींत लिहून ठेवलें आहे कीं, अकबरानें ही समजूत बाजूला सारून आपल्या पीलखान्यांत हत्तींची पैदास करविली. परंतु असे अपवाद थोडे. म्हैसुरांतील शेवटचा खेड्डा काकनकोटें येथें १९७१ सालीं झाला. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९७७ सालीं त्याच्या पहिल्या अनुसूचींत हत्तीचा समावेश झाला. रानांतून हत्ती आणण्याची वाट तेव्हां बंद झाली, आणि पैदास हा खरा प्रश्न झाला.

ज्या शहरांत मी बोलत आहें त्या शहरानेंच या विषयावरील एक थोर ग्रंथ छापून ठेवलेला आहे. महादेव चिमणाजी आपटे यांनीं स्थापन केलेल्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं पालकाप्य मुनीचा 'हस्त्यायुर्वेद' प्रसिद्ध केला. त्याच्यामागची कथा मोठी बोलकी आहे. अंगदेशाच्या रोमपाद राजानें रानांतील हत्ती धरून चंपानगरींत आणले व खांबांना बांधले. पालकाप्य हा त्या कळपाबरोबर रानांत राहणारा, त्यांच्याच मागें हिंडणारा मुनि. तो त्यांना शोधीत नगरांत आला आणि कोणाशीं एक अक्षर न बोलतां त्यांच्या जखमांना औषध लावीत बसला. मग राजानें विचारावें व मुनीनें सांगावें, अशा रीतीनें सारें शास्त्र अवतरलें. हत्तीचें वैद्यक या देशांत सुरू झालें तें बांधलेल्या हत्तीच्या दुखण्यांतून, असें जणूं ती कथाच सांगते.

आतां पिल्लाकडे येऊं. हत्तीण अठरा ते बावीस महिने गाभण राहते. एका वेळीं बहुधा एकच पिल्लू, वजन सुमारें शंभर किलो. पुढचें पिल्लू चार-पांच वर्षांनीं. तिचें ऋतुचक्रहि सावकाश, चौदा ते सोळा आठवड्यांचें. म्हणजे वर्षांतून तीन-चार वेळांच गर्भ राहण्याची संधि, तीहि एखाद-दुसऱ्या दिवसाची. नर तिला वासावरून ओळखतो. माणसाला मात्र ती ओळखतां येत नव्हती, आणि ती कां येत नव्हती हें अलीकडे उलगडलें. बीज सुटण्यापूर्वीं जें संप्रेरक रक्तांत एकदम चढतें तें हत्तिणींत दोनदां चढतें. पहिल्या चढानंतर बीज सुटतच नाहीं, आणि सुमारें तीन आठवड्यांनीं दुसरा चढ येतो तेव्हां सुटतें. निसर्गानें हा पहिला इशारा कशासाठीं ठेवला असेल तो असो, पण संग्रहालयवाल्यांच्या तो फार उपयोगीं पडला, कारण तीन आठवडे आधीं तारीख कळूं लागली. याच्याच आधारानें अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील संग्रहालयांत कृत्रिम रेतनानें झालेलें आशियाई हत्तीचें पहिलें पिल्लू १९९९ सालीं जन्मलें.

नर पाळणें हें आणखी एक संकट. कानाच्या व डोळ्याच्या मधल्या ग्रंथींतून मद गळूं लागला म्हणजे ओळखीचा माहूतहि त्याला परका होतो. म्हणून बहुतेक संग्रहालयांनीं पूर्वीं सोयीस्कर म्हणून माद्याच आणल्या आणि वर्षानुवर्षें नराविना ठेवल्या. यांतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. जी हत्तीण तरुणपणीं वीतच नाहीं, तिचें ऋतुचक्र निष्फळ फिरत राहून गर्भाशयांत गांठी होतात, आणि पंचविशी उलटल्यावर तिला प्रथमच पिल्लू होणें अवघड होतें. मग नर आणला तरी वेळ निघून गेलेली असते. 'जोडी जमवा' म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आणि समजा, पिल्लू झालें. रानांत हत्तीण वितांना तिच्याभोंवतीं तिची आई, बहिणी, मावश्या असतात. तरुण मादीनें दुसरींचीं बाळंतपणें पाहिलेलीं असतात, दुसरींचीं पोरें सांभाळलेलीं असतात. एकटीनें वाढलेल्या हत्तिणीला पायांशीं अकस्मात् पडलेली ही वळवळणारी वस्तु काय आहे हेंच उमजत नाहीं. ती भिते, आणि कधीं लाथेनें किंवा सोंडेनें पिल्लाला मारूनहि टाकते. युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत असें अनेकदां घडलें. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरीं जाते, त्यामागची रीत हत्तींनाहि ठाऊक आहे असें म्हटलें तर ती नुसती कविकल्पना होणार नाहीं.

व्हिएन्नाच्या शोनब्रुन संग्रहालयांत १९०६ सालीं पिल्लू झालें तेव्हां केवढें कौतुक झालें! अमेरिकेंत पोर्टलंड येथें १४ एप्रिल १९६२ रोजीं 'पॅकी' जन्मला, तो पश्चिम गोलार्धांत चव्वेचाळीस वर्षांत जन्मलेला पहिला हत्ती. तो २०१७ पर्यंत जगला, परंतु शेवटीं क्षयानें ग्रासलेल्या त्या वृद्ध जनावराला मुक्ति द्यावी लागली. सगळेच इतके दीर्घायुषी झाले नाहींत. २००८ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत साडेचार हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत युरोपांतील संग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचें मध्यमान आयुष्य १८.९ वर्षें भरलें. ब्रह्मदेशांत लांकडें ओढण्याचें कष्टाचें काम करणाऱ्या हत्तिणींचें ४१.७. ओंडके ओढणारी हत्तीण, आयतें खाणारीच्या दुपटीहून अधिक जगावी! शिवाय रानांतून आणलेल्या माद्या संग्रहालयांत जन्मलेल्यांपेक्षां जास्त टिकल्या, आणि एका संग्रहालयांतून दुसऱ्यांत हलविलेल्या हत्तींचें आयुष्य घटलें. म्हणजे बिघाड कोठें तरी अगदीं बाळपणींच, आईजवळ, होत असला पाहिजे. कोंवळ्या वयांतील पिल्लांना एका विषाणूचा रक्तस्रावी रोग होतो, तोहि १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं ओळखला; धडधाकट पिल्लू त्यानें एक-दोन दिवसांत दगावतें. त्यावरील एक लस २०२४ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें टोंचली गेली. मात्र त्या तिकडच्या लोकांची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आंकडे वाईट निघाले म्हणून त्यांनीं ते दडवून ठेवले नाहींत. सिमेंटची जमीन उखडून वाळू घातली, माहूत व हत्ती यांच्यामध्यें गज ठेवून अंकुशाविना शिकविण्याची पद्धत घेतली, आणि आई-लेकींना एकत्र ठेवावयास आरंभ केला.

आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानें २००९ च्या नोव्हेंबरांत असा आदेश काढला कीं, संग्रहालयांतील हत्ती वनखात्याच्या कँपांत अथवा मोकळ्या जागीं हलवावेत. तो सर्वत्र अंमलांत आला नाहीं. दरम्यान प्रश्न आमच्या कोल्हापूर भागांतच पेटला. जोतिबाच्या देवस्थानाला दिलेला 'सुंदर' हा तरुण हत्ती २०१४ सालीं न्यायालयाच्या आदेशानें बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्यास गेला. १९९२ पासून नांदणीच्या जैन मठांत असलेली महादेवी, ऊर्फ माधुरी, २०२५ च्या जुलैंत उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निर्णयानंतर गुजरातेंत जामनगरला गेली, आणि हजारों माणसें रस्त्यावर आलीं. त्यांचें प्रेम खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. तें डोळ्यांतून वाहत होतें. परंतु तेहतीस वर्षें त्या हत्तिणीला दुसऱ्या हत्तिणीचा सहवास नव्हता, हेंहि तितकेंच खरें. माणसांनीं कितीहि माया केली तरी तिला मावशी होतां येत नाहीं.

बन्नेरघट्ट्याचा उल्लेख आला तो अपुरा सोडूं नये, कारण तें संग्रहालय असूनहि तेथें हत्तींचीं पिल्लें नेमानें होतात. रहस्य कांहींच नाहीं. मागें जंगल लागून आहे, रात्रीं हत्तिणींना रानांत सोडतात, आणि रानांतील नर आपलें काम करून जातो. नर पाळावा लागत नाहीं, रक्तपरीक्षा नको, आणि आई, मावशी, आजी सर्व घरींच. पण तेथेंहि वेगळी अडचण उभी राहिली : हत्ती वाढले. २०२५ च्या जुलैंत तेथील तीन तरुण माद्या व एक नर इतर प्राण्यांच्या बदल्यांत जपानमध्यें हिमेजीस विमानानें गेले. त्यांतील सर्वांत धाकटी अवघी पांच वर्षांची. चौघे एकत्र गेले हें चांगलें झालें. तरी रानांत असती तर पांच वर्षांची मादी आईच्या पोटाखालून नुकती कोठें बाहेर आलेली असती, आणि पुढेंहि जन्मभर तिच्याच कळपांत राहिली असती. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला म्हणजे कळप सोडतो. द्यावयाचाच तर तो द्यावा. लेकी देऊन टाकणें म्हणजे जमलेला कळप स्वतःच्या हातानें उसवणें होय, असें माझें मत आहे.

आतां कात्रज. तळें धरून तें सारें संग्रहालय सुमारें १३० एकरांचें. चहूंकडून वस्ती आणि मोटारींची वर्दळ. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशें किलोच्या आसपास चारा खातो आणि तो मिळवावयास मैलोगणती चालतो. चार-पांच माद्यांचा कळप, वेगळा नर, वाढतीं पिल्लें, पुढें त्या पिल्लांना नवें घर, एवढें सारें त्या जागेंत बसत नाहीं. म्हणून पुण्यानें हत्तींची पैदास करण्याचें मनांतहि आणूं नये. आणि येथें जो कोणी हत्ती असेल त्याला दुसऱ्या हत्तीची सोबत, पायांखालीं माती आणि रोजची चाल एवढें तरी चुकूं देऊं नये.

मुलांना पिल्लूच दाखवावयाचें असेल तर त्यांना गडचिरोली जिल्ह्यांतील कमलापूरला न्यावें. ओंडके ओढण्यासाठीं आणलेल्या हत्तींचा वनखात्याचा कँप तेथें आहे, आणि त्या कळपांत पिल्लें जन्मलेलीं आहेत. कांहीं दगावलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पशुवैद्य लांब आणि पावसाळ्यांत रस्ते बंद. २०२२ सालीं तेथील हत्ती गुजरातेंत नेण्याची वार्ता आली तेव्हां गांवकऱ्यांनीं अडविलें व ते तेथेंच राहिले. बल्लारशाहापर्यंत आगगाडी, पुढें आलापल्लीवरून मोटार. चरावयास सोडलेल्या हत्तींना माहूत आणि चाराकटर पाउलखुणांवरून हुडकून कँपावर आणतात, आणि ते येतात तेव्हां मोठ्या हत्तिणी पुढेंमागें असून लहानगें त्यांच्या पायांमध्यें चाललेलें असतें.