खालून वर जाणारी खबर



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेचजण तुळिंज, आचोळे, संतोष भुवन इथले. जुलै २०१८ चा पाऊस तुम्ही शाळकरी वयात पाहिला आहे. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वडोदरा एक्सप्रेस अडकलेली, प्रवाशांच्या सुटकेला एनडीआरएफ, आणि वीज गायब.

अशा वेळी मोबाइल का मरतो? टॉवरची बॅटरी काही तासांची, जनरेटरपर्यंत डिझेल पोहोचत नाही, आणि जे टॉवर चालू असतात त्यांच्यावर सगळं गाव एकदम तुटून पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईने हे भोगलं.

हॅम रेडिओला, म्हणजे परवानाधारक हौशी मंडळींच्या बिनतारी संपर्काला, टॉवर लागत नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, एक सेट आणि साधारण वीस मीटर तार पुरते. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर सोडलेल्या लहरी आयनांबरावरून परतून सह्याद्रीपलीकडेही उतरतात. हातातला व्हीएचएफ सेट मात्र इमारतींच्या दाटीत अडतो. त्यासाठी जीवदानीच्या डोंगरासारख्या उंचीवर सौर बॅटरीवरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश उचलून पुढे सोडणारा सेट, हवा. तो व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हौसेखातर स्टेशन लावून बसले होते. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायचं, एवढाच बेत. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच स्टेशनवरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. हौस होती म्हणून सेट लावलेला होता, हात सरावलेला होता.

आता मोबाइल थेट उपग्रहाशी बोलू लागलेत, मग हॅम कशाला, असं मला तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. सरकारी इशारा आज तुमच्या फोनवर काही क्षणांत येतो, आणि ते फार चांगलं झालं. पण ती खबर वरून खाली येते. कोणत्या चाळीत डायलिसिसचा रुग्ण आहे, कुठे बोट लागेल, कुठे नुसतं पिण्याचं पाणी पुरेल, हे खालून वर कोण नेणार? शंभर घाबरलेले फोन नियंत्रण कक्षाला गोंधळात टाकतात. नेटवर, म्हणजे एकाच वारंवारतेवर जमलेल्या हॅमच्या जाळ्यावर, बसलेला एक सरावलेला ऑपरेटर तीच माहिती चार ओळींत देतो: कुठे, किती माणसं, काय हवं, कधीपर्यंत. ते बोलणं पोलीस ठाणं, रुग्णालय, शेजारचा वॉर्ड एकाच वेळी ऐकू शकतात. हॅमचं उद्याचं काम मला इथे दिसतं. आणि आपल्या जिल्ह्याला फक्त पुराचा धोका नाही. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत.

यंत्र बाजारात मिळेल, ऑपरेटर मिळणार नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, आणि तो पाणी शिरल्यावर काढता येत नाही. दूरसंचार विभागाची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सही लागत नाही. नियम आणि प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स यायला हवं. विज्ञानाच्या मुलांना ते जड नाही, आणि कला-वाणिज्यवाल्यांनो, स्पष्ट बोलणं आणि नेमकं लिहून घेणं तुम्हाला त्यांच्याइतकंच येतं.

पावसाळ्याआधी परवाने काढा. दर रविवारी संध्याकाळी गल्लीगल्लीतून नेटवर या, खोटे निरोप देऊन सराव करा, कुठे आवाज पोहोचत नाही ते नकाशावर मांडा. पहिल्या नेटला मला बोलवा. नेट कंट्रोलला मी बसेन.